गोंदलेला हात आणि नोकरी

सैन्यात किंवा निमलष्करी दलात भरती व्हायचे म्हणून आपल्याकडच्या खेड्यांतली पोरे पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावतात. अकॅडमीची फी भरण्यासाठी बाप दावणीची म्हैस विकतो. दोन-तीन वर्षांची ही मेहनत एकदाची वैद्यकीय तपासणीच्या टेबलापर्यंत पोहोचते आणि डॉक्टर म्हणतो, "उजवा हात दाखव." हातावर 'आई' असे गोंदलेले असते. सातवी-आठवीत असताना जत्रेत किंवा उरुसात, बॅटरीवर चालणाऱ्या सुईने, चार पैशांत गोंदून घेतलेले. त्या वयात ना गोंदणाऱ्याने विचारले, ना पोराला ठाऊक होते, की या दोन अक्षरांचा हिशेब पुढे सरकार मागणार आहे.

नियम तसा सरळ आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय सूचनांत गोंदणाविषयी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. काय गोंदले आहे, कुठे गोंदले आहे आणि केवढे गोंदले आहे. धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते. जागा म्हणजे डाव्या हाताची कोपराखालची आतली बाजू, किंवा पंजाची पाठ. आकार त्या अवयवाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी हवा. उजवा हात सलामीचा, म्हणून तो कोरा पाहिजे. लष्कराच्या नियमांत आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे.

२०१७-१८ च्या सुमारास सोलापूरच्या एका तरुणाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात त्याला चालक व्हायचे होते, आणि उजव्या हातावरच्या गोंदणामुळे तो अपात्र ठरला होता. गोंदण धार्मिक चिन्हाचे होते आणि ते त्याने बव्हंशी पुसूनही घेतले होते. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्यात धार्मिक भावनेचा मुद्दा होता. निकाल वाचून बरे वाटले. पण मनात एक शंका राहिली. त्या हातावर धार्मिक चिन्हाऐवजी विंचू असता तर? आपल्याकडे विंचूही हौसेने गोंदतात. विंचू असता तरी गाडी हाकण्याचे त्याचे कसब तेच राहिले असते. मग न्याय कशाला मिळाला, त्या तरुणाला की चिन्हाला?

ही शंका आपल्या समाजाच्या फार जवळची आहे, कारण आपणही अशाच टेबलासमोर उभे राहिलेले लोक आहोत. आपल्या बाबतीत प्रश्न गोंदणाचा नव्हता, दाढीचा होता. हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाने दाढी ठेवण्याची परवानगी मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १५ डिसेंबर २०१६ रोजी त्याच्या विरोधात निकाल लागला. ज्यांच्या धर्मात केस कापण्यास मनाई आहे त्यांना दलाचा नियम सूट देतो. म्हणजे सगळा प्रश्न येऊन थांबला तो इस्लाममध्ये दाढी काढण्यास अशी मनाई आहे काय, यावर. त्याच्या वकिलांनाही न्यायालयाला सांगावे लागले, की याबाबत एकच एक मत नाही.

आपल्या राज्यातले उदाहरण त्याहून जवळचे. जालन्याच्या राज्य राखीव पोलीस दलातला एक जवान दाढीपायी निलंबित झाला. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो हरला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुचवले, की धार्मिक काळापुरती दाढी ठेवायची असेल तर कामावर परतता येईल. त्याला ते मान्य झाले नाही. २०२४ मध्ये न्यायालयाने ते प्रकरण पुन्हा हाती घेतले.

गणवेशातल्या दलांची शिस्त वेगळी असते. हजार माणसे एका रांगेत उभी करायची तर काही गोष्टी सारख्या असाव्या लागतात, हे मी नाकारत नाही. मला खटकते ते दुसरेच. अशा प्रत्येक वेळी आपण 'हे आमच्या धर्मात आहे' असे म्हणून उभे राहतो. तसे म्हणताक्षणी आपला धर्म साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि त्याची उलटतपासणी सुरू होते. फर्ज की सुन्नत, सुन्नत असेल तर कोणत्या दर्जाची, कुणाच्या मते? ज्या प्रश्नांवर उलेमांनी शेकडो वर्षे मतभेद बाळगले आणि तरीही एकाच सफमध्ये नमाज अदा केली, त्यांचा निकाल एका दुपारी सेवानियमाच्या पोटकलमाखाली लागतो. 'माझ्या दाढीने माझ्या कामाचे काय बिघडते ते आधी दाखवा,' असे मात्र आपण फारसे म्हणत नाही. कारण ते म्हटले की ही सवलत एकट्या आपल्यापुरती उरत नाही. विंचूवाल्यालाही ती द्यावी लागते.

हे कुठे घडलेच नाही, असे नाही. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत 'ता मोको' नावाची गोंदणाची परंपरा आहे. त्या रेषांत माणसाचे कूळ आणि वंशावळ सांगितलेली असते आणि पुष्कळदा हे गोंदण चेहऱ्यावर असते. त्यापायी विमानसेवेतली नोकरी नाकारली गेल्याच्या तक्रारी होत्या. एअर न्यूझीलंड या कंपनीने सप्टेंबर २०१९ पासून ही बंदी उठवली. तक्रार माओरींची होती, पण सवलत त्यांच्यापुरती ठेवली नाही. कुणाचा अपमान करणारे नसेल तर कुठलेही गोंदण कुणाही कर्मचाऱ्याला चालेल, असे ठरले. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, हनुवटीवर मोको असलेल्या नानाया माहुता त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. वंशावळ गोंदलेली बाई आणि नुसत्या हौसेने फुलपाखरू गोंदलेला पोरगा यांना एकाच नियमाने वागवायचे ठरले, ही गोष्ट मला त्या मंत्रिपदाहूनही मोठी वाटते.

आता जरा आपल्याच घरात डोकावू.

मी एका छोट्या शिक्षणसंस्थेच्या समितीवर आहे. संस्थेचे नाव इथे नको. अल्पसंख्याक संस्था असल्याने शिक्षक निवडण्याचा हक्क आम्हाला घटनेच्या तिसाव्या कलमाने दिला आहे. गेल्या वर्षी विज्ञानाच्या जागेसाठी मुलाखती झाल्या. एक तरुण बीड जिल्ह्यातून आला होता. बी.एस्सी., बी.एड., गुण चांगले, बोलणे नम्र. आम्ही त्याला नववीच्या वर्गावर पाठ घ्यायला सांगितला. विषय होता प्रकाशाचे अपवर्तन. त्याने चहावाल्याकडून काचेचा पेला मागवून घेतला, त्यात पाणी भरून पेन्सिल तिरपी ठेवली आणि मागच्या बाकावरच्या मुलांनाही पुढे बोलावून ती वाकडी दिसते की नाही ते विचारले. मग आकृती काढायला फळ्याकडे वळला. हात वर गेला तशी बाही खाली सरकली. मनगटावर उर्दूत गोंदले होते, 'अम्मी'.

पाठ संपल्यावर ऑफिसात पहिला प्रश्न अपवर्तनावर आला नाही. "ये हात पे क्या है?" तरुणाने सांगितले, आई वारली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, गावाजवळच्या दर्ग्याच्या उरुसात गोंदून घेतले, आता त्याला ते नको आहे, पण लेझरने काढायला पैसे लागतात आणि डाग राहतोच असे लोक सांगतात. तो बाहेर गेल्यावर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "बच्च्यां को क्या सिकाएंगा ये?" दुसरे म्हणाले, "पालक विचारतील." तिसऱ्यांनी हदीसचा हवाला दिला. इतिवृत्तात 'व्यक्तिमत्त्व संस्थेस अनुरूप नाही' असे लिहिले गेले. माझा विरोध मी त्याखाली नोंदवला आहे.

ज्या सदस्यांनी हदीसचा हवाला दिला, त्यांनीच आदल्या वर्षी याच टेबलाशी एका खाजगी दवाखान्याविषयी तावातावाने सांगितले होते. त्यांच्या नात्यातल्या एका मुलीला 'स्कार्फ काढलास तरच रिसेप्शनवर बसवू' असे तिथे म्हटले होते. त्यांचा तेव्हाचा संताप खरा होता आणि आताची धर्मनिष्ठाही खरी आहे. म्हणूनच हा प्रश्न ढोंग म्हणून झटकून टाकता येत नाही.

हदीसचा हवाला चुकीचा नव्हता. गोंदणाऱ्या आणि गोंदवून घेणाऱ्या स्त्रियांवर लानत असल्याचे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. सुन्नी फकीह जवळपास एकमताने गोंदणाला हराम मानतात आणि कुरआनच्या चौथ्या सूरहमध्ये अल्लाहने घडवलेल्या रूपात बदल करण्याचा जो उल्लेख आहे, त्याच्याशी ते जोडतात. शिया पंथात आयातुल्लाह सिस्तानी यांच्यासारख्यांनी ते मुभेचे मानले आहे. मला स्वतःला गोंदण आवडत नाही. माझ्या नातवाने गोंदायचे म्हटले तर मी त्याला अडवीन. पण गोष्ट हराम आहे, एवढ्यावरून ती करून बसलेल्या माणसाला विज्ञान शिकवता येत नाही असे कसे ठरते? मधली पायरी कुणी सांगत नाही.

गोंदलेल्याचा वुजू होत नाही, मग नमाज कशी होणार, असेही आपल्याकडे सर्रास बोलले जाते. शाई कातडीच्या आत असते आणि पाणी कातडीला लागते, त्यामुळे वुजूला अडचण नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. शाफई मसलक यात सर्वांत कडक. आपले कोकणी मुसलमान बांधव शाफईच आहेत. त्या मसलकात रक्तात मिसळलेली शाई नापाक ठरते आणि गोंदण काढून टाकावे असा हुकूम आहे. पण तिथेही अपवाद आहेत. काढताना शरीराला अपाय होणार असेल तर सक्ती नाही. वयात येण्यापूर्वी गोंदले गेले असेल तरी नाही. म्हणजे सर्वांत कडक फकीहसुद्धा तो पोरगा किती वर्षांचा होता आणि काढताना त्याला काय सोसावे लागेल हे आधी विचारतो. आमच्या समितीने त्याचे वय ऐकले आणि पुढचा उमेदवार बोलावला.

बुखारीच्या भाष्यात हाफिज इब्न हजर यांनी तबरींच्या हवाल्याने एक छोटी गोष्ट दिली आहे. कैस नावाचा एक ताबई आपल्या वडिलांबरोबर हजरत अबू बकर यांच्याकडे गेला. तिथे त्याला खलिफांच्या पत्नी अस्मा बिन्त उमैस दिसल्या आणि त्यांच्या हातावर गोंदण दिसले. या अस्मा म्हणजे हबशाला हिजरत केलेल्या, जाफर इब्न अबू तालिब यांच्या विधवा, पुढे अबू बकर यांच्या निधनानंतर त्यांच्या मय्यतीला गुस्ल देणाऱ्या. मनाई येण्यापूर्वी गोंदले असेल आणि ते हातावर तसेच राहिले असेल, असा खुलासा तबरी करतात आणि विषय तिथेच सोडतात. तो हात कुणी झाकायला लावल्याचे त्या गोष्टीत नाही. त्याच हाताने पहिल्या खलिफांचा अखेरचा गुस्ल झाला.

आमच्या मराठवाड्यात जुन्या पिढीतल्या मुसलमान बायांच्या हनुवटीवर, दंडावर हिरवे ठिपके असत. माझ्या दादीच्या दोन्ही मनगटांवर होते. मेल्यावर सगळे इथेच राहते, एवढेच तेवढे बरोबर येते, असे शेजारच्या बायांबरोबर तीही म्हणायची. पाच वक्त नमाज पढायची आणि गावातल्या पोरींना अलिफ-बे शिकवायची. तिच्याकडे मुली पाठवताना कुठल्या पालकाने तिची मनगटे पाहिली नाहीत. मोरोक्को-अल्जीरियातल्या अमाझिग बायांच्या चेहऱ्यावरही पिढ्यानपिढ्या गोंदण होते. आता त्यांच्यातल्या म्हाताऱ्या पुष्कळदा त्याबद्दल तौबा करताना दिसतात. आपल्याकडे ते ठिपके हळूहळू आपोआप संपले. त्यात वाईट काही झाले नाही. वाईट झाले ते हे, की ठिपके असलेल्या बाईला आपण आता आपल्यातली मानायला तयार नाही.

गोंदण सगळेच काही हौसेचे नसते, हेही या संदर्भात लक्षात ठेवावे. कंपनी सरकारच्या काळात बंगाल इलाख्यात १७९७ च्या एका नियमाने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा आणि शिक्षा गोंदून ठेवत. त्याला 'गोदना' म्हणत. १८४९ मध्ये ही पद्धत बंद झाली. कैदी पागोटे भुवयांपर्यंत ओढून ते झाकत. स्वतंत्र भारतात, १९९३ मध्ये, अमृतसरला पोलिसांनी चार बायांच्या कपाळावर 'जेबकतरी' असे गोंदले. दोषी पोलिसांना शिक्षा व्हायला २०१६ उजाडले. तेवीस वर्षे त्या बाया कुणाच्या दारात धुण्याभांड्याचे काम मागायला गेल्या असतील तर आधी त्यांचे कपाळ वाचले गेले असेल. एकदा कपाळ वाचले, की मग त्या बाईचे हात किती स्वच्छ काम करतात हे पाहायला कोण थांबतो?

दिसणाऱ्या खुणेचा हाच धोका आहे. ती वाचायला फुकट असते. आमच्या समितीने त्या तरुणाची खूण वाचली. पण त्याच दिवशी आलेल्या बाकीच्या उमेदवारांना आम्ही काही विचारले काय? लग्नात हुंडा घेतला का? व्याजाने पैसे फिरवतोस का? आणि मला सर्वांत जास्त सलणारा प्रश्न, वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचा हिस्सा दिलास का, की तहसीलला नेऊन तिच्याकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतलास? वारशाचे हिस्से कुरआनमध्ये आकड्यांनिशी दिले आहेत. त्यात दाढीइतकाही मतभेद नाही. आमच्या ऑफिसात टेबलाच्या अलीकडे बसलेल्या आम्हा सातजणांना हा प्रश्न कुणी विचारला असता तर किती जण मान वर करून उत्तर देऊ शकले असते, ते मी इथे लिहीत नाही. आमच्यापैकी कुणाच्याही मनगटावर हक्कसोडपत्र गोंदलेले नाही, एवढेच.

पालकांचा मुद्दा मी हलका मानत नाही. शिक्षक म्हणजे मुलांपुढचा नमुना, आणि मुले नक्कल करतात. कोवळ्या वयाच्या पोरांनी 'सरांचे आहे, मग आपणही गोंदू' असे म्हटले तर? ही भीती खरी आहे. पण ज्या तरुणाला आपले गोंदण नकोसे झाले आहे, तो त्या पोरांना जे सांगू शकेल ते आमच्यापैकी कुणी सांगू शकणार नाही. भरतीच्या तयारीतल्या मुलाला तर त्याने एकदा मनगट दाखवले तरी पुरे. दुसरे म्हणजे, नकलेची एवढी काळजी असेल तर शाळेच्या फाटकाबाहेर पिचकारी मारून आत येणाऱ्या गुटखेबहाद्दर शिक्षकांचाही विचार व्हावा. ते कायम नोकरीत आहेत आणि निवृत्तीपर्यंत राहतील.

'बाही लांब ठेव, झाकून घे' हा तोडगा सगळ्यांनाच सुचतो. विमान कंपन्यांत, हॉटेलांत तो चालतो. खाजगी कार्यालयांतही मुलाखतीला जाणारी मुले पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. मला त्यात गैर काही वाटत नाही. आपल्या दीनमध्येही दोष झाकण्याला मोल आहे. मात्र ज्याचे त्याने झाकणे वेगळे आणि 'झाकशील तरच भाकरी' असे दुसऱ्याने म्हणणे वेगळे. शिवाय फळ्यावर लिहिणाऱ्याची, रुग्णाला सलाईन लावणाऱ्या परिचारिकेची, वर्कशॉपात लेथवर काम करणाऱ्याची बाही कामाच्या ओघात वर जाणारच. काम करणारा हात फार काळ झाकून राहत नाही.

एक मर्यादा मात्र मला मान्य आहे. गोंदण दुसऱ्याला उद्देशून काही बोलत असेल, एखाद्या जातीला किंवा धर्माला धमकावत असेल, बाईचा अपमान करत असेल, तर ते त्या माणसापुरते राहत नाही. समोरच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला ते रोज वाचावे लागते. तिथे संस्थेने हरकत घेतलीच पाहिजे. 'अम्मी' या शब्दाने कुणाला धमकावले जाते, हे मला अजून कळलेले नाही.

तो तरुण सध्या एका शहरात खाजगी शिकवणीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, असे कळले. आमची जागा अजून भरलेली नाही. विज्ञानाचे तास गणिताचे सर घेतात. दरम्यान संस्थेने कर्मचाऱ्यांच्या पेहरावाचे लेखी नियम करायचे ठरवले आणि मसुदा सदस्यांकडे पाठवला. त्यात 'शरीरावर गोंदण नसावे' असे एक कलम होते. मी ते खोडून बाजूला लिहिले आहे, की उमेदवाराच्या अंगावरची खूण त्याच्या कामाच्या आड येते किंवा कुणाचा अपमान करते असे समितीने लेखी दाखवावे, एरवी त्यावर प्रश्न विचारू नये. आणि दाढी, टोपी, स्कार्फ, गंध, गोंदण या सर्वांना हे एकच कलम लागू राहावे. 'गंध' या शब्दाखाली कुणीतरी लाल शाईने रेघ मारली आहे. अध्यक्षांनी खाली 'देखेंगे' असे लिहून कागद परत पाठवला आहे. बैठक रमजाननंतर आहे.